काळ्या आईची जोपासना : चोपण जमिनीची कारणे, लक्षणे व उपाय

ज्येष्ठ वद्यात देहू आणि आळंदीहून निघालेल्या दोन्ही पालख्या पुण्यात येतात. तुकोबारायांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळी, आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळी उतरते. पुढे हडपसरास वाटा फुटतात. एक वाट दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे करीत नीरेवर जाते. दुसरी लोणी काळभोर, यवत, वरवंड करीत बारामती-इंदापुरास जाते. या वाटांनी वर्षानुवर्षे चालणाऱ्या वारकऱ्यांपैकी बहुतेक जण शेतकरीच. टाळ वाजवता वाजवता त्यांची नजर दोन्ही अंगांच्या रानांवर असतेच. कुणाचा ऊस किती कांड्यांवर आला, कुणाची पेर साधली, हे न विचारता त्यांस कळते.

या वाटांवर पाण्याला तोटा नाही. लोणी-यवतच्या पट्ट्याला मुठेचा कालवा आहे, बारामती-इंदापुरास नीरेचा डावा कालवा, आणि पाडेगाव, फलटण, माळशिरस या बाजूस नीरेचा उजवा. दोन्हीकडे उसाचे हिरवेगार फड. पण जरा निरखून पाहिले म्हणजे त्या हिरव्यात मधूनच एखादे रान बोडके दिसते. वर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर, कडेला वेडी बाभूळ, मध्ये कुठे लव्हाळा. पावसाचे पाणी पडले तर दिवस दिवस साचून राहते, आणि ऊन पडले की तीच जमीन दगडासारखी होते. गावचा माणूस सांगतो, "अहो, इथं एके काळी उसाला नाव होतं. आता कुसळही येत नाही." पाणी भरपूर, माती काळी, तरी पीक नाही. हे असे का होते, आणि त्यास उपाय काय, एवढाच या पाठाचा विषय.

एक जुनी हकीकत

हा रोग आजचा नाही. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास उभे राहिले. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. त्या वेळी धोरण दुष्काळ हटविण्याचे होते, आणि ते काही खोटे नव्हते. कालव्याने पुष्कळ घरे सावरली. पण कालव्यास पंचवीस वर्षे होतात न होतात तोच नीरेच्या खोऱ्यात मीठ फुटू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी त्या रानांची पाहणी केली, आणि १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर त्यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने छापली. पुढे १९१६ साली सरकारने पाटपाणी आणि शेती यांचा मेळ घालण्यासाठी पाटबंधाऱ्याचा एक खास विभाग काढला. खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र त्यातूनच वाढलेले आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी निदान झालेले आहे. औषधही ठाऊक आहे. राहिले आहे ते घेण्याचे.

खार वर कसा येतो ?

आता मूळ मुद्दा. येथे पहिली शंका अशी येते : "कालव्याचं पाणी तर गोड. आपण ते पितो. मग खार आला कुठून ?"

समाधान असे की, खार बहुतेक आपल्याच जमिनीच्या पोटातला आहे. आपला देश काळ्या खडकाचा. तो खडक झिजून मुरूम होतो, मुरुमाची माती होते, आणि झिजताना त्यातून निरनिराळे क्षार सुटतात. जेथे पाऊस धो धो पडतो, तेथे ते क्षार धुऊन समुद्रास मिळतात. मावळात म्हणूनच मीठफुटी नाही. पण दिवेघाटाच्या पूर्वेस पाऊस बेताचा. क्षार थोडे खाली जातात आणि तेथेच बसून राहतात. ते खाली निजलेले होते तोवर पिकाला त्यांचा त्रास नव्हता. आपण वरून पाण्यावर पाणी दिले. काळ्या मातीतून पाणी फार सावकाश झिरपते. ते खाली साचले, आणि भूगर्भातील पाण्याची पातळी वर वर येऊ लागली. निजलेला खार त्या पाण्यात विरघळून त्याबरोबर वर निघाला.

येथे दिव्याचा दृष्टांत घ्यावा. पणतीत तेल खाली असते, पण वात ते वर ओढते. वर ज्योत तेल जाळते, आणि जे जळत नाही त्याची काजळी टोकाशी धरते. काळी माती ही तशीच वात आहे. खालचे पाणी पुरुषभर खोलीच्या आत आले, म्हणजे माती ते बारीक छिद्रांतून वर ओढते. वर सूर्य ते वाफ करून नेतो. वाफेबरोबर पाणी जाते, मीठ जात नाही. ते काजळीसारखे वरच साचते. आपण ज्यास "मीठ फुटलं" म्हणतो ती ही काजळी होय. वात तेलात बुडालेली आहे तोवर वरची काजळी किती पुसली तरी पुन्हा धरणारच. म्हणून वरचा पांढरा थर खरवडून बांधावर टाकणे हा उपाय नव्हे. तेलाची पातळी खाली नेणे हा उपाय.

विहिरीच्या पाण्याचा हिशेब आणखी निराळा. धरा, तुमच्या विहिरीच्या एका लिटर पाण्यात एक ग्रॅम क्षार आहे. जिभेला तो फारसा कळणारही नाही. एका एकरावर तीन इंच पाणी उभे केले, तर ते सुमारे ३ लाख लिटर भरते. म्हणजे एका पाळीत ३०० किलो क्षार. पन्नास किलोची सहा पोती ! कुणी येऊन आपल्या रानात सहा पोती मीठ विस्कटले तर आपण त्यास काठी घेऊन धावू. पण पाळीमागून पाळी आपणच ते विस्कटतो, आणि ते धुऊन बाहेर जाण्यास वाट ठेवीत नाही.

रोगाच्या तीन पायऱ्या

सगळ्या बिघडलेल्या जमिनींस लोक सरसकट "खराब रान" म्हणतात. पण ओळख नीट पटली नाही तर औषध चुकते. पायऱ्या तीन आहेत.

पहिली, चिबड किंवा पाणथळ जमीन. येथे खार अजून बेताचा असतो, पण वाफसा येत नाही. वाफसा म्हणजे काय ? मातीच्या कणांमध्ये ओलही आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती. मुळांना दोन्ही लागतात. चिबड जमिनीत हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. मुळे गुदमरतात, पीक पिवळे पडते, आणि शेतकऱ्यास वाटते की खत कमी पडले.

दुसरी, खारवट जमीन. येथे पांढरा थर दिसतो. माती भुसभुशीत असते, ओल दिसते, तरी रोप सुकते. कारण मातीतल्या पाण्यात खार फार झाला की मुळांस ते ओढून घेता येत नाही. पाण्यात उभे राहून पीक तहानेने मरते.

तिसरी, चोपण जमीन. ही सर्वांत अवघड. लाडू वळताना पाक बेसनास धरून ठेवतो, तसा चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, मातीच्या कणांस धरून ठेवतो. त्यामुळे माती रवाळ राहते आणि पाणी खाली जाते. खारातील सोडियम वाढला म्हणजे तो कॅल्शियमला हुसकून त्याची जागा घेतो. सोडियमला कण धरून ठेवता येत नाहीत. लाडू फुटतो, त्याचे पीठ होते. ते पीठ छिद्रांत बसून पाण्याची वाट बुजवते. ओली असता चिकट, वाळली की ढेकूळ फुटत नाही, कुळव चालत नाही. प्रयोगशाळेत तपासले असता मातीचा सामू साडेआठाच्या वर जातो, आणि मातीने धरलेल्या क्षारकणांत सोडियमचा वाटा शेकडा १५ च्या वर निघतो.

घरच्या घरी पाहायचे असल्यास एक सोपी परीक्षा आहे. वाळलेले एक लहान ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या स्वच्छ पाण्यात अलगद सोडावे. ढवळू नये. दुसऱ्या दिवशी पाणी निवळ असेल तर बरे. दुधाळ, गढूळच राहिले असेल तर सोडियमचा संशय धरावा आणि माती तपासणीस न्यावी.

"बापजाद्यांनी कधी चर खणले नाहीत"

दुसरी शंका अशी घेतली जाते : "आमचे आजे-पणजे हीच जमीन कसत होते. त्यांनी ना चर खणले, ना माती तपासली. त्यांची जमीन का नाही बिघडली ?"

समाधान : त्यांच्याकडे मोट होती. एक एक मोट पाणी काढताना बैलाचा घाम निघे, म्हणून पाणी मोजून दिले जाई. बागायत थोडी, जिरायत फार. उसामागून ऊस, त्यावर खोडवा, असे वर्षानुवर्षे कुणी घेत नसे. हरभऱ्याचा, तागाचा बेवड पाहून पुढचे पीक ठरे. शेणखत रानात जाई. चूल जाळायला गोवऱ्या लागत, म्हणून तेही सारे जात नसे, हे खरे. पण जे घेतले त्यातले काही परत देण्याची रीत होती. आणि आजे-पणज्यांच्या काळी सर्व काही ठीक होते असेही नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात डोंगर बोडके झाल्याने, पाल्यापाचोळ्याचे खत तुटल्याने आणि पावसाने माती वाहून गेल्याने रानांचा कस उतरल्याचे सांगितले आहे, आणि ताली-बंधारे बांधून पाणी व माती अडविण्याचा उपाय सुचविला आहे. पुण्यात बसून लिहिलेली ती गोष्ट आजही शिळी झालेली नाही.

कालवा आल्यावरही मर्यादा घालण्याचा यत्न झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिनियर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याकडे नोकरीस असता त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉकची पद्धत सुचविली. तिचा भाव असा की, पाणी नेमलेल्या गटांस द्यावे, त्यातील एका तिसऱ्या हिश्श्यातच ऊस असावा, बाकीत हंगामी पिके, आणि ऊस दरसाल जागा बदलीत जावा. म्हणजे पाणी अधिक गावांस पुरते आणि जमिनीस विसावा मिळतो. फेरपालट ही अशी जुन्या शेतकऱ्यासही ठाऊक आणि इंजिनियरासही मान्य असलेली गोष्ट आहे. ती मोडली कुणी ? उसाचा पैसा रोख, कारखाना दाराशी, आणि वीज आल्यावर बटण दाबले की पाणी. यात दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. हंगामी पिकास भाव नसेल तर तो ऊस सोडणार कसा ? पण जमीन त्याची आहे, आणि भोग त्याच्या मुलांस आहे.

परदेशची साक्षही पाहावी. आजच्या इराकमध्ये दोन नद्यांच्या मधला सुमेर देश पाटपाण्यावर संपन्न झाला होता. १९५८ साली जेकबसन आणि ॲडम्स या दोन विद्वानांनी जुने पुरावे पाहून दाखविले की, इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास तेथे गहू आणि सातू जवळजवळ सारखे पिकत. पुढे खार वाढला, तसा खार सोसणारा सातू उरला, आणि इसवी सनापूर्वी १७०० च्या सुमारास दक्षिण भागातून गहू जवळजवळ नाहीसा झाला. शत्रू न येता, आग न लागता अन्न गेले.

उपायांचा क्रम

या रोगात उपायांपेक्षा उपायांचा क्रम महत्त्वाचा. तिसरी शंका त्याचीच आहे : "जिप्सम आणून टाकलं, पैसे गेले, गुण काही आला नाही."

समाधान : जिप्समात कॅल्शियम आहे. ते मातीत जाऊन सोडियमला सोडवते, हे खरे. पण सुटलेला सोडियम गेला कुठे ? त्यास बाहेर जाण्यास वाट नसेल तर तो तेथेच राहतो. घरातला केर झाडून कोपऱ्यात लोटला म्हणजे घर झाडले असे होत नाही. म्हणून क्रम असा धरावा.

१) आधी निचरा. रानाच्या उताराकडे खोल चर काढावा आणि तो नैसर्गिक ओढ्यास मिळवावा. भारी जमिनीत सच्छिद्र नळ जमिनीखाली घालून निचरा करतात. खर्च मोठा आहे, पण नांगरट अडत नाही आणि जमीन वाया जात नाही. अंतर आणि खोली जाणत्याकडून मोजून घ्यावी.

२) मग तपासणी. ढेकळाची परीक्षा संशयापुरती, औषधाचे माप तपासणीवरूनच. रानात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन वीतभर खोलीपर्यंतची माती काढावी, ती मिसळून चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकावे, असे करीत अर्धा किलो उरवावी. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घेऊ नये. पांढऱ्या भागाचा आणि चांगल्या भागाचा नमुना वेगळा ठेवावा. विहिरीचे पाणीही बाटलीत भरून न्यावे.

३) मग जिप्सम, तेही जमीन चोपण निघाल्यास. नुसत्या खारवट जमिनीस निचरा आणि गोड्या पाण्याची धुणी पुरते. जिप्सम वरच्या वीतभर थरात मिसळून वर पाणी बांधावे आणि ते चरातून जाऊ द्यावे. चुनखड फार असेल तर माप व औषध बदलते. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपण टाकू नये.

४) मग जमिनीला अन्न. धैंचा खार बराच सोसतो. तो पेरून दीड महिन्याचा होताच गाडावा. शेणखत, कंपोस्ट, कारखान्याची मळी द्यावी. उसाचे पाचट जाळू नये. एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यास काडी लावणे म्हणजे कोठारास काडी लावणे. मातीतील सेंद्रिय कर्ब शेकडा अर्ध्याच्या खाली गेला की ती जमीन कर्बाने गरीब समजतात. पाचट हे त्या गरिबीवरचे घरचे धन आहे.

५) मग पीक. हरभरा, घेवडा, कांदा ही पिके खारास नाजूक. गहू, ज्वारी मध्यम. सातू आणि कापूस बरेच सोसणारे. उसात माउलींच्या वाटेवरच असलेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने काढलेली को. एम. ०२६५ ही जात २००७ साली प्रसारित झाली. शेतकरी तिला नुसते '२६५' म्हणतात. ती खारवट-चोपण जमिनीत तग धरते. पण पीक खार सोसते म्हणजे जमीन बरी होते असे नव्हे. आजारी माणूस काठी टेकून चालला म्हणून आजार गेला असे कोण म्हणेल ?

६) आणि पाणी मोजून. सरीत भरभरून पाणी देण्याऐवजी ठिबक, रात्रभर पाट सोडून न झोपणे, आणि पाळी आली म्हणून गरज नसता न भिजविणे.

हे एकट्याचे काम नव्हे

आता या पाठाचे सार. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या शेतकऱ्याने सर्व औषधे केली तरी एक गोष्ट त्याच्या हाती नाही. चराचे पाणी शेजाऱ्याच्या रानातून जाते. शेजाऱ्याचे त्याच्या शेजाऱ्याच्या रानातून. शेवटी ओढा. ओढा बुजवून कुणी दोन सऱ्या वाढविल्या असतील तर वरच्या दहा घरांचा निचरा बंद. डॉ. मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ साली पुस्तक छापले. त्यात १७७१ साली तेथे सरासरी धारणा ४० एकरांच्या घरात होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचे दाखविले आहे. आता त्या गावी शेते जाऊन इमारती आल्या. पण इतर गावांत तुकडे आणखी लहान झाले आहेत. तुकडा जितका लहान, तितका शेजार मोठा. पाणी बांध जुमानत नाही.

म्हणून जेथे हे काम यशस्वी झाले तेथे ते मिळून झाले. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी, दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखालून निचऱ्याचे नळ घातले, मोठ्या नळातून पाणी ओढ्या-नदीस लावले, आणि वर्षानुवर्षे पडीक पडलेली रानेच्या राने पुन्हा पिकास आणली. एकेकाने आपापल्या बांधात खणले असते तर ते झाले नसते.

दिंडीत चालणाऱ्यास हे निराळे समजाविण्याची गरज नाही. दिंडीत एकाने थांबायचे म्हटले तर मागची ओळ अडते. निचऱ्याचे तसेच आहे. भाऊबंदकीचा बांध कोर्टात वीस वर्षे चालतो. तेवढ्या काळात दोघांचीही जमीन चोपण होते, आणि निकाल लागतो तेव्हा वाटून घेण्यास मीठ उरते.

ज्यास शेत नाही त्याने

पुण्यात राहणारे माळकरी म्हणतील, "आम्हांस शेत नाही, आम्ही काय करावं ?" त्यांचाही वाटा आहे. शहर दररोज रानातून धान्य, भाजी, दूध ओढून घेते. म्हणजेच जमिनीचा कस गाड्या भरभरून शहरात येतो. परत काय जाते ? मुळा-मुठेतून सांडपाणी जाते. मुंढव्याहून ते उचलून जुन्या बेबी कालव्याने खालच्या गावांच्या शेतीसही दिले जाते. आपण मोरीत जे ओततो ते लोणी-यवतच्या वावरात पोहोचते, हे ध्यानात ठेवून ओतावे. ओला केर वेगळा ठेवला तर त्याचे खत होते. त्यात एक प्लॅस्टिकची पिशवी टाकली की तो नुसता केर. वारीत मुक्काम ज्या शेतात पडतो, त्या शेतात पेले, द्रोण, पिशव्या टाकून निघू नये. शेतकऱ्याने आपल्यासाठी रान मोकळे सोडले, त्याच्या नांगराला आपला केर लागू नये.

पुढील आषाढीपर्यंतचा नेम

शेवटी शेतकरी वारकऱ्याने एवढा नेम धरावा. वैशाखात रानात छातीइतका खड्डा घेऊन पाणी कुठवर आहे ते पाहावे, आणि दिवाळीनंतर पुन्हा पाहावे. दोन्ही खुणा घराच्या भिंतीवर लिहून ठेवाव्या. पाणी वर्षावर्षाने वर येत असेल तर मीठ फुटण्याची वाट पाहू नये. एकदा माती आणि पाणी तपासून घ्यावे. पाचटास काडी लावू नये. उसाच्या एका तुकड्यात तरी पुढच्या साली कडधान्य वा ताग घ्यावा. आणि ओढ्याकाठच्या सर्व शेजाऱ्यांस, बोलणे बंद असलेल्यासही, एके दिवशी बोलावून ओढा कुठे बुजला आहे ते सर्वांनी मिळून चालत जाऊन पाहावे. चोपण जमीन मेलेली नसते, तिची वाट कोंडलेली असते. ती मोकळी केली तर दोन-चार वर्षांत तेथे पुन्हा वाफसा येतो.

राम कृष्ण हरि.